शेजारणीची संमती

बुरुलचाला अंगणात विक्रीच्या नानचा तंदूर लावायचा परवाना मिळाला आणि ओश शहराच्या त्या गल्लीत शेजारच्या झूराकानच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तडक नगररचना कार्यालय गाठलं.

"तिला बरा परवाना देता! मी काय सावत्र?"

"एजे, तुम्ही अर्जच कुठे केलाय?" तिथला कारकून मेदेर तिला मोठ्या बहिणीसारखं संबोधत हसला. त्याने शेजारी बसून अर्ज भरून घेतला, नकाशात तंदूर कुंपणापासून दूर सरकवला. "तिचा तंदूर अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणून तुमची सही लागली नाही. तुम्ही मात्र आता शेजारणीची संमती आणा."

झूराकान कागद घेऊन बुरुलचाच्या दारात गेली. तिने स्वतः बुरुलचाला कधीच सही दिली नसती.

बुरुलचाने मात्र पिठाच्या हातानेच सही ठोकली. "लाव गं खुशाल!"

झूराकान धुमसतच परतली. इतक्या सहज? म्हणजे माझ्या नानची हिला भीतीच नाही!