चिकटवलेली घोडी

दुपारी पाळण्यात पिल्लू झोपलं तशी तिनं गिटारची पेटी उघडली, आणि दोन सुरांतच तिचं तोंड वाकडं झालं. खालचा सूर खरा होता, पण बोटं वरच्या पडद्यांवर सरकली की सगळं आंबट. खुंट्या पिळून पाहिल्या, उपयोग शून्य. मग तिनं घोडीला, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लाकडी तुकड्याला, हळूच ढकललं. घोडी जागची हलेना.

ही पोकळ पोटाची जॅझ गिटार. वरची फळी कोरून फुगवलेली, तिच्यात वेलांटीसारखी दोन भोकं. हिची घोडी कधीच चिकटवत नाहीत. ती तारांच्या दाबानंच उभी राहते, म्हणून तर केसभर सरकवून सूर जुळवता येतात.

तिनं नवऱ्याला हाक मारली. त्याचा दारं-खिडक्यांचा कारखाना, आज सुट्टी. तो हसतच आला. येत्या रविवारच्या तिच्या बैठकीसाठी गुपचूप नव्या तारा चढवल्या म्हणाला. जुन्या सगळ्या एकदम काढल्या तर घोडी सुटून हातातच आली, मग पांढऱ्या डिंकानं अशी बसवली की जन्मात निघायची नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुटली नव्हती ती. तशीच असते. तारा एकेक करून बदलायच्या, म्हणजे तिची जागा मोडत नाही. विचारायचं होतंस मला."

"अगं, माझा जन्म लाकडात गेला."

"माझ्या गिटारीत नाही गेला."

आतून सासूबाईंनी आपलं मत दिलंच. त्यांच्या खुर्चीचा पायही त्यानंच चिकटवला होता, अजून हूं की चूं नाही. तो हसला, म्हणाला, एवढं काय, मित्रांना कळव, पुढच्या रविवारी बसा.

पिल्लू झाल्यापासून पहिल्यांदाच ती जुन्या मंडळींबरोबर वाजवायला बसणार होती. आणि हा म्हणतो पुढच्या रविवारी. तिच्या लिहायच्या टेबलाला कठडे ठोकून त्यानं बाळाचे कपडे बदलायची सोय केली, तेव्हाही तिला सोपं पडावं म्हणूनच. त्या टेबलावर काय होतं, ते कुणी विचारलं होतं?

लग्नाआधी, स्वतःच्या कमाईतून घेतलेली ही एकच वस्तू आता तिची म्हणून उरली होती. छातीशी धरली की सूर आधी बरगड्यांत घुमायचा, मग कानात. वायर न जोडता वाजवली तर आवाज एका खोलीपुरता. दिवस गेले होते तेव्हा ती पोटावर टेकवून वाजवायची आणि आतून लाथा बसायच्या. आता गिटारीच्याच आवाजात पिल्लू झोपायचं, आणि तेवढा वेळ ती कुणाची कुणी नसायची.

"आण इकडे, पटाशीनं एका झटक्यात काढतो," तो म्हणाला.

"हात लावलास तर बघ."

आवाज चढला नव्हता, तरी तो मागे सरला.

तिनं तारा सैल केल्या, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली आणि घोडीच्या कडेनं आत सारली. पुन्हा बुडवली, पुन्हा सारली. डिंक मऊ पडत गेला. घोडी सुटली, पण सोबत नखाएवढं पॉलिश घेऊन. खाली पांढरं लाकूड दिसायला लागलं.

डिंक खरवडून, तारा ताणून ती घोडी सरकवायला लागली. मधल्या पडद्यावर बोट दाबून एक सूर, तिथंच नुसतं टेकवून दुसरा. दोन्ही एक होईपर्यंत थोडं पुढे, थोडं मागे.

तेवढ्यात पिल्लू रडलं. सवयीनं त्यानं आणि आतून डोकावलेल्या सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचेही पाय उठायला निघालेच होते. तिनं ते जमिनीवर दाबून धरले.

"मी वाजवतेय," ती म्हणाली. "तू बघ."

तो गेला. रडणं वाढलं. ती जागची हलली नाही. तारांवर हात मात्र जोरात पडत होता, नको तितका. सूर आता वरपर्यंत खरे लागत होते, पण राग काही उतरत नव्हता.

थोड्या वेळानं तो पिल्लाला खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. शर्टावर लाळ, केस विस्कटलेले.

"रविवारी दूध किती वाजता द्यायचं? आणि कुठल्या बाटलीतून?"

तिनं सांगितलं. वाजवायची मात्र थांबली नाही.