कोल्हिणीसाठी बोंबील

मित्रांनो, मी दोन स्प्रिंगांचा, हाताच्या पंजाएवढ्या तोंडाचा एक म्हातारा सापळा आहे. माझ्याशी हात मिळवू नका. एकाने मिळवला, त्याची गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पहिले मालक अर्ल आजोबा. ते मला शेताच्या कडेला पुरत, वर चाळलेली माती पसरत. समोर तिरका खड्डा, त्यात कुजलेलं मांस, त्यावर बाटलीतलं कोल्ह्याचं मूत. अमेरिकेत ते विकत मिळतं. ते गोळा कोण करतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. कोल्हा हुंगायला वाकला की त्याचा पाय माझ्या मधल्या चकतीवर पडे आणि मी उठून बसे. हाड वाळक्या फांदीसारखं मोडतं. सकाळी आजोबा बंदूक घेऊन येत. मला शाबासकी मिळे, कोल्ह्याला गोळी. एका रॅकूनने तर स्वतःचा पाय चावून तोडला, तो माझ्याकडे ठेवला आणि तीन पायांवर निघून गेला. ती माझ्या कौतुकाची वर्षं होती.

मग आजोबांचे गुडघे गेले आणि मी अकरा वर्षं गॅरेजमध्ये खिळ्याला लटकून गंजलो. शेवटी स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात कोल्ह्यांवर पीएचडी करणाऱ्या वल्लरीने मला नेलं, घासलं, तेल दिलं. तिला एक कोल्हीण जिवंत आणि धडधाकट हवी होती, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून सोडून द्यायला. मला हा प्रकार नवीन होता. नियमाप्रमाणे माझ्या जबड्यांना रबर लावायचं होतं. ते पार्सल आलंच नाही, आणि परवाना शुक्रवारी संपत होता. बुधवारी तिने मला तसंच पुरलं. पुरताना "पाय मोडला तर?" असं दोनदा मोठ्याने म्हणाली. उत्तर मला माहीत होतं.

कुजलेल्या मांसाला ती कोल्हीण भुलत नव्हती. म्हणून वल्लरीने खड्ड्यात आईने अलिबागहून पाठवलेले सुके बोंबील घातले.

आता तिचा रूममेट, प्रसाद. त्याने एकदा बोंबील भाजल्यावर फायर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग बर्फात उभी राहिली होती. तेव्हापासून घरात बोंबलाला बंदी. गुरुवारी सकाळी त्याने वल्लरीला गाडीने शेतावर सोडलं. कशाला हात लावू नकोस, असं बजावून ती पलीकडे झाडाला बांधलेला कॅमेरा बघायला गेली. प्रसादने नाक वर केलं. कोल्ह्यासारख्याच दोन फेऱ्या मारल्या. मग गुडघ्यांवर बसून उजवा हात पुढे केला.

मी उठून बसलो. दोन बोटं मोडली. त्यातलं मधलं उलट्या बाजूला वळलं. रक्त थेट बोंबलांवर.

वल्लरी धावत आली, दोन्ही स्प्रिंगांवर उभी राहिली आणि हात सोडवला.

"सांगितलं होतं ना तुला?"

"बोंबील होते, यार."

"ते कोल्हिणीसाठी होते."

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिचा पाय याच्याहून फार जाड नसेल ना?"

वल्लरीने मला उपटून गाडीत टाकलं.

संध्याकाळी प्लास्टर घातलेल्या हाताने प्रसादने पुण्याहून आणलेल्या स्लिपर धरल्या, वल्लरीने कापल्या, आणि ते रबर माझ्या जबड्यांना चिकटवलं. मग त्याने डावा हात माझ्या तोंडात घालून चकती दाबली. मी मनापासून चावलो. तो कळवळला, पण मोडलं काही नाही.

"आता लाव," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी माझ्या तोंडात कोल्हीण होती. पाय शाबूत. वल्लरीने पट्टा बांधला. सोडताना कोल्हिणीने प्रसादचा डावा हात हाडापर्यंत फोडला आणि उरलेला बोंबील घेऊन गेली. मग रेबीजची इंजेक्शनं. दोन्ही हात बांधलेले, म्हणून वल्लरीने त्याला चार दिवस घास भरवले. त्यात बोंबील नव्हते.

मित्रांनो, मी पुन्हा खिळ्यावर आहे, या वेळी वल्लरीच्या घरी. मला तेल द्या, असं म्हणणार नाही. खुशाल गंजू द्या. पण कुणासाठी मला पुरायचंच ठरलं, तर आधी स्वतःची बोटं माझ्यात घालून बघा.

वल्लरी रोज सकाळी रेडिओ लावते. त्यात पट्ट्याची नुसती टिकटिक ऐकू येते. कोल्हीण चार पायांवर चालते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.