सोबतची बाई

दाराची चौकट वाकडी दिसू लागली तेव्हा नाशिकरोडच्या सुलाबाईंनी आधी सुतार बोलावला. चौकट सरळ निघाली. मग त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय; दर महिन्याला इंजेक्शन घ्या, नाहीतर डोळा जाईल.

पहिलं इंजेक्शन झालं. पुढच्या दोन तारखा हुकल्या. एकदा मुलाला, बंटीला, अंबडच्या कंपनीत डबल ड्यूटी लागली. दुसऱ्यांदा सुलाबाई एकट्याच गेल्या, तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "ड्रॉप्स टाकल्यावर तुम्हाला दिसणार नाही. सोबतचं माणूस कुठंय?"

"आत्ता दिसतंय म्हणून तर एकटी आले."

नियमात हे बसत नव्हतं. त्या परत आल्या.

आता तिसरी तारीख. बंटीला सुट्टी नाही, लेक अंजली शाळेत परीक्षेच्या ड्यूटीवर. अख्ख्या नात्यात मोकळं माणूस एकच: अंजलीची सासू, देवळाली कॅम्पच्या नवसाबाई. आणि त्या अंजलीच्या लग्नापासून, म्हणजे चार वर्षं, सुलाबाईंशी बोलत नव्हत्या.

कारण गुलाबजाम. लग्नाच्या पंगतीत सुलाबाई काळजीपोटी वाढप्यावर ओरडल्या होत्या, "अरे, विहीणबाईंना नको, त्यांना शुगर आहे!" नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

सुलाबाईंनी फोन लावला. "विहीणबाई, डोळा जाईल माझा. याल का?"

"माझी गरज पडली म्हणायची."

"पडली."

नवसाबाईंची तयारी भांडणाची होती. समोरून भांडणच येईना म्हणताना त्या गडबडल्या. "येते. पण गुलाबजामाचं माफ नाही."

दवाखान्यात बाकावर दोघी शेजारी बसल्या, मध्ये पर्स ठेवून. सिस्टरने सुलाबाईंच्या डोळ्यांत ड्रॉप्स टाकले आणि नवसाबाईंना सहज विचारलं, "आजी, तुम्हाला पण शुगर आहे का?"

नवसाबाई भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघू लागल्या. "मी नुसती सोबतीला आलेय. माझी नजर घारीची आहे. घरात बसून कॅम्पातल्या लष्कराच्या तोफेचा धूर दिसतो मला."

"आहे शुगर!" सुलाबाई मिटल्या डोळ्यांनी गरजल्या. "कित्येक वर्षांची आहे! डोळे एकदाही तपासलेले नाहीत!"

अख्ख्या बाकाने वळून पाहिलं. इथे तर बँडही नव्हता.

"परत?" नवसाबाई म्हणाल्या.

"परत. हवं तर आणखी चार वर्षं बोलू नका. पण डोळे दाखवून घ्या."

नवसाबाईंनी हनुवटी वर केली. "टाका हो सिस्टर. नाहीतर ही बाई रिक्षाला भोंगा लावून गावभर सांगेल."

सुलाबाईंचं इंजेक्शन झालं. मग डॉक्टरांनी नवसाबाईंना तपासलं. दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके होते, लेसर लागणार होता.

"पण मला तर सगळं दिसतंय," नवसाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच लोक येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आणि दिसेनासं झालं की येतात."

काउंटरवर दोघींना पुढच्या महिन्यातली एकच तारीख मिळाली.

"चालणार नाही," सुलाबाई म्हणाल्या. "यांना सोमवार द्या, मला मंगळवार. एकीला तरी दिसलं पाहिजे."

"सिस्टिम एकच दिवस दाखवतेय."

"मग मी इथेच बसते. तसंही मला बाहेरचं काही दिसत नाहीये." डोळ्यावर पट्टी असलेली बाई काउंटरसमोर मांडी घालून बसली, तेव्हा सिस्टिमला सोमवार आणि मंगळवार दोन्ही सापडले.

बाहेर पडून दोघींनी एकमेकींचे हात धरले. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो होता. तो आधी जाऊ दे म्हणून त्या बराच वेळ थांबल्या. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "आजी, गाडी बंद आहे." त्यानेच मग दोघींना रिक्षात बसवलं.

"सोमवारी वेळेवर या," नवसाबाई म्हणाल्या. "उशीर मला चालत नाही."

"येते. डब्यात पिठलं-भाकरी आणते."

"आणि गुलाबजाम?"

सुलाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण पुढे रिक्षावाला होता. त्या नवसाबाईंच्या कानाशी वाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या,

"नाही. शुगर आहे तुम्हाला."