दहा जमेपर्यंत

सिस्टरच्या तोंडाला कुणी लागत नसे. तिला पाठीमागे सगळे ‘मिरची सिस्टर’ म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. साथीच्या दिवसांत मोठ्या सभागृहात टेबले लावून तिने दिवसाला चारशे-चारशे दंड टोचले होते. तेव्हा रांग रस्त्यावर जायची, व्हायल, म्हणजे लसीची बाटली, फोडली की बघता बघता रिकामी व्हायची, आणि सिस्टरला पाणी प्यायलाही उसंत नसायची.

मग साथ ओसरली. सभागृहात पुन्हा लग्ने लागू लागली, आणि लस आली दवाखान्याच्या मागच्या खोलीत. तिथे एकीकडे तान्ह्या बाळांची टोचणी, दुसरीकडे रक्तदाब तपासणे, आणि कोपऱ्यात फ्रीज. वरून कागद आला की साथीची लस आता रोजच्या कामातच द्यायची. कागद नवा, पण त्याच्या पाठोपाठ आलेला तोंडी हुकूम मात्र जुनाच होता. एका व्हायलमध्ये दहा डोस, फोडल्यावर सहा तासांत संपवायची, म्हणून दहा माणसे जमल्याशिवाय फोडायची नाही.

आता रोजच्या दवाखान्यात दहा जण एकदम कुठून जमणार? कुणी गुडघा दाखवायला येतो, कुणी सुनेला घेऊन येतो, जाता जाता विचारतो, “ती लस मिळेल का हो?” सिस्टर वहीत नाव लिहून घ्यायची आणि सांगायची, “दहा झाले की निरोप देते.”

त्या वहीत सातवे नाव कुलूपवाल्याच्या बायकोचे होते. दम्याची पेशंट, जिना चढली तरी धाप लागायची. ती दोनदा आली. पहिल्यांदा सिस्टर म्हणाली, “सात झालेत.” दुसऱ्यांदाही सातच होते, कारण मधल्या काळात एक नाव वाढले, तसे वाट बघून कंटाळलेल्या एकाने आपले काढून घेतले होते. बाई हसून म्हणाली होती, “असू दे, येईन परत.” ती परत आली नाही. थंडीत साथीने पुन्हा जरा डोके वर काढले आणि आठ दिवसांत तिला घेऊन गेली.

सिस्टर भेटायला गेली. बोटाएवढ्या दुकानात भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, आणि कुलूपवाला हातात कानस घेऊन नुसता बसलेला. तो चिडला नाही की रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “झाले का हो शेवटी दहा?”

एरवी चौघांना पुरून उरणारी सिस्टर तशीच उठून निघाली. घरी येऊन ती पोटभर रडली. लाज वाटली तिला, स्वतःची, आणि त्या वहीची तर जास्तच. दुसऱ्या दिवशी तिने वही फाडली आणि पहिल्याच माणसासाठी व्हायल फोडली. तेव्हापासून रोज फोडत होती.

महिनाभराने साहेब आले. वरच्या कचेरीतले, लस किती आली न् किती गेली हे बघणारे. आज सकाळी नऊला सिस्टरने एका बसकंडक्टरसाठी व्हायल फोडली होती. रक्तदाबाच्या रांगेतल्या दोघांना तिने गोडीगुलाबीने पटवले होते, तिसऱ्याला दटावून. तीन वाजले तशी तिने उरलेली व्हायल रजिस्टरात नोंद करून बाजूला काढून ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरली.

“चार दिले, सहा वाया. हे काय चाललंय, सिस्टर?”

“लसीकरण चाललंय.”

“मोहिमेत तुमची नासाडी जिल्ह्यात सर्वांत कमी होती. तुमचा सत्कार केला होता आम्ही!”

“शाल आहे अजून. परत हवी तर आणून देते. मोहीम संपली, साहेब. हा दवाखाना आहे. गोवराची व्हायल एका बाळासाठी फोडते, ती उरलेली टाकून देते, तेव्हा आजवर कुणी ब्र काढलाय? मग म्हाताऱ्यांनीच तेवढं टोळी करून यायचं का?”

“वाद घालू नका. पुन्हा एकट्यादुकट्यासाठी फोडलीत, तर लस इथून उचलून नेईन. पुढची मोहीम निघेल तेव्हा बघू.”

“टाकलेले डोस तुम्हाला दिसतात. मी परत पाठवलेली माणसं कुठल्या रकान्यात लिहू?”

साहेब खुर्ची ओढून लेखी ताकीद लिहायला बसले. लस गेली तर पुन्हा सगळे पहिल्यासारखे, हे सिस्टरला लख्ख दिसत होते.

तेवढ्यात दारात कुणीतरी घसा खाकरला. कुलूपवाला होता. बायको गेल्यापासून त्याने दवाखान्याची पायरी चढली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण आत येईना. उंबऱ्याशीच अवघडून उभा राहिला.

“किती झालेत, सिस्टर? कमी असतील तर येतो नंतर. घाई नाही.”

साहेबांचे पेन थांबले. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. सिस्टरने ती बघितली, अगदी नीट बघितली. मग उठली, फ्रीज उघडला, नवी व्हायल काढली आणि अंगठ्याने तिचे झाकण उडवले. ते टपकन साहेबांच्या कागदावर जाऊन पडले.

“एक झालाय,” ती म्हणाली. “आत या, बसा, बाही वर करा.”

“सिस्टर, मी आत्ताच काय सांगितलं?”

“ऐकलं, साहेब. तुम्ही लिहीत राहा,” सिरिंज भरता भरता ती म्हणाली. “आणि त्यात वेळही घाला, चार वाजून दहा मिनिटं. यांची बायको इथून दोन वेळा परत गेली होती, हेही घाला. तिचं नाव हे सांगतील तुम्हाला.”

कुलूपवाल्याने बाही वर केली. मग साहेबांकडे वळून त्याने बायकोचे नाव सांगितले, सावकाश, लिहून घेता येईल असे.