भिकाजीचा बिनकराचा खंजीर

१८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला आणि कोकणातल्या मर्दाची कंबर कायमची रिकामी झाली, असं भिकाजी मस्कतच्या हमरियातल्या खोलीत दर शुक्रवारी मटण शिजेपर्यंत सांगायचा. त्याच्या पणजोबांची तलवार त्या कायद्यात खरोखरच गेली होती. घरात तिने फणस फोडत, एवढं तो सांगत नसे.

परवान्याची फी पणजोबांना परवडत होती, पण जिवावर आली. "फणस आमचा, तलवार आमची, मग फी कसली?" म्हणत त्यांनी तलवार कचेरीत नेऊन टाकली. गावच्या खोतांनी मात्र मुकाट्याने फी भरली. गावचा रिवाज असा, की दसऱ्याला आपट्याची पहिली फांदी तोडायचा मान शस्त्रवाल्या घराचा. मान खोतांकडे गेला, आणि भिकाजीचं घर चार पिढ्या मागच्या रांगेत उभं राहिलं.

म्हणून भिकाजी कायमचा गावी निघाला, तेव्हा खाबुरा गावच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, दिलेला खंजीर त्याने आधी कमरेला लावून बघितला. या अर्बाबच्या शेतावरचे पंप तो वीस वर्षं दुरुस्त करत होता. चांदीची नक्षी, वाकडं म्यान, शिंगाची मूठ. अर्बाब गंभीरपणे म्हणाला, "भिकाजी, ये बाहर निकालने का नहीं. निकाला तो खून देना पडता. कसम खाओ." भिकाजीने शपथ घेतली.

गावी फोन लावून त्याने बायकोला ही बातमी दिली. "खंजीर?" जयवंती म्हणाली. "त्यापेक्षा मिक्सर आणा."

खोलीतला रविकांत विमा कंपनीत कारकून होता. एलएलबीचं पहिलं वर्ष त्याने दोनदा केलेलं असल्यामुळे हमरियात त्याच्याइतका कायदा कोणाला येत नव्हता.

"काका, मुंबईला उतरताच आत जाल. पातं नऊ इंचांच्या वर असेल तर गुन्हा."

"पण इंग्रज गेले ना?"

"इंग्रज जातात. कायदा नुसता सदरा बदलतो. माप घ्या."

खालच्या मजल्यावरचे अलीमियाँ टेप घेऊन आले. अलीमियाँ रत्नागिरीचे, धंद्याने शिंपी. भिकाजी शपथेमुळे खंजीर उपसू देईना, म्हणून त्यांनी टेप म्यानावरूनच, वळणावळणाने फिरवली.

"बारा," अलीमियाँ म्हणाले.

"संपलं!" रविकांत म्हणाला.

"अरे वकिला, हे म्यानाचं माप. उद्या तुझ्या पोटाला टेप लावून आतडी किती लांब ते सांगू का? भिकाजीभाय, जरा उपसा ना. आपल्यातच तर आहे."

"शपथ आहे."

"मग कपड्यांत गुंडाळा आणि गप जा. सगळे तेच करतात."

भिकाजीने मटणाच्या भांड्यावर झाकण आपटलं. मग म्हणाला, "लपवायचा नाही. मी फी भरणार. पणजोबांनी भरली नाही, ती मी भरीन आणि पावती खोताच्या नाकासमोर धरीन."

"पावतीने फांदी तोडणार?" अलीमियाँनी विचारलं.

मुंबईच्या विमानतळावर सोन्याची बिस्किटं पोटाशी बांधलेली माणसं हरे राम म्हणत ग्रीन चॅनलमधून चालली होती. माल दाखवून कर भरायच्या रेड चॅनलमध्ये स्वतःच्या पायाने शिरलेला भिकाजी बघून कस्टमचा साहेब चहा पिता पिता थांबला.

"साहेब, हत्यार आहे. कर घ्या आणि परवाना द्या."

"काढा बघू."

"शपथ आहे, साहेब."

साहेबाला शपथ नव्हती. त्याने मूठ धरून ओढली. बाहेर आला लाकडाचा बोटभर तुकडा, त्याला चंदेरी रंग.

"शोकेसचा माल," साहेब म्हणाला. "याला कसला कर? चला, पुढे व्हा."

"थोडा तरी घ्या," भिकाजी म्हणाला.

अर्बाबने शपथ का घातली, ते टॅक्सीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

दसऱ्याला भिकाजी कमरेला खंजीर लावून आपट्याखाली उभा राहिला. एवढ्या वर्षांनी पहिल्या रांगेत. सगळं गाव त्याच्या कमरेकडे बघत होतं.

खोत तलवार घेऊन आले आणि हसले. "भिकाजी, नुसता चांदीचा डबा मिरवतोस की आत काही आहे? उपस बघू!"

भिकाजीने खंजिराची मूठ हाताने झाकली. पण वीस वर्षं अर्बाब सांभाळलेला माणूस तो.

"अरबांचा रिवाज आहे, खोतानू. उपसला की रक्त द्यावं लागतं. मान तुमचा जुना, आधी तुम्ही उपसा. मग मी बघतो कोणाचं द्यायचं ते."

खोतांचं हसू गेलं. लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी आपल्या तलवारीची मूठ धरून ओढली. मग त्यांच्या मुलाने म्यान धरलं आणि त्यांनी पुन्हा ओढली. मग पुतण्याने खोतांना धरलं. शंभर वर्षांहून अधिक काळ फी भरलेली ती तलवार आत गंजून बसली होती.

मानाचा निकाल त्या वर्षी लागला नाही. दोन्ही शस्त्रांना झेंडूची फुलं वाहिली, आणि फांदी, मान कोणाचाही असो, दरवर्षीप्रमाणे गुरवाने कोयत्याने तोडली. कोयत्याला परवाना लागत नाही.