शेजाऱ्याची चूल

माझा राग आमच्या बैलांनाही ठाऊक होता. इरम्मा, माझी बायको, म्हणायची, "तुमची जीभ सुटली की मागनं पाय बी सुटतो." मी ते हसण्यावारी न्यायचो.

दर आश्विन पौर्णिमेला आम्ही उमरग्याकडून छपराची गाडी जुंपून तुळजापूरला जात असू. गावाबाहेर ओढ्याकाठी गाडीतळ होता. चिंचेखाली आमची गाडी आणि तिला लागून ईट गावच्या बब्रुवानची, हे बारा वर्षं ठरलेलं. त्याची बायको अयोध्या दुपारभर इरम्माची वेणी घालत बसे. मी आणि बब्रुवान तंबाखू मळत निजामाला शिव्या द्यायचो, अर्थात हळू आवाजात. चार दिवसांचा शेजार, पण सख्ख्या भावाशी मी इतका कधी बोललो नाही.

स्वयंपाक मात्र ज्याचा त्याचा. आम्ही लिंगायत, तो मेंढरंवाला; आमच्या चुलीला परक्याचा हात लागत नसे. तळाची रीत अशी, की आधी येईल त्यानं शेजाऱ्याच्या जागेवर तीन दगडांची चूल मांडून ठेवायची, म्हणजे जागा राखली जाते. आम्हीच दरवर्षी आधी पोचायचो, त्यामुळे आमची चूल त्यानं मांडायची वेळच आली नव्हती.

शेहेचाळीस साली वाटेत आमच्या गाडीचा आस मोडला. एक दिवस उशिरा, धुळीनं माखून पोचलो, तर आमच्या जागेवर कुणाची तरी चूल. रीत आठवण्याआधीच, जागा बळकावली असं वाटून मी लाथेनं दगड उडवले. मागं वळून बघतो तर बब्रुवान पाण्याची घागर घेऊन उभा. ती चूल त्यानं आमच्यासाठी मांडली होती.

"चुकलं आप्पा," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं दगड गोळा करून बाजूला ठेवले.

साऱ्या तळासमोर माफी मागायला जीभ वळेना. उद्या बोलू म्हटलं. पहाटे बघतो तर त्याची गाडी गेलेली.

पुढची दोन वर्षं रझाकारांच्या भीतीनं आणि मग पोलीस कारवाईच्या धामधुमीत आमची गाडी अंगणाबाहेर निघाली नाही. मी मनात रोज त्याच्याशी बोलत होतो. एकोणपन्नास साली दोन दिवस आधीच तळावर पोचलो, त्याच्या जागेवर चूल मांडली आणि तिथं गाडी लावू बघणाऱ्या दोघांशी भांडलो.

तिसऱ्या दिवशी ईटची गाडी आली. हाकणारा अयोध्याचा भाऊ होता. आत बसलेल्या अयोध्याच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मी मांडलेली चूल तिनं पाहिली आणि गाडी लांब, ओढ्याच्या पार टोकाला सोडायला लावली. मी धावत गेलो.

"ते गेले आप्पा. वर्स झालं," ती म्हणाली. "दोन साल त्येंनी एकच धोसरा लावला हुता. लिंगवंताच्या चुलीला म्या हात लावला, आप्पाचं सोवळं मोडलं, आता तोंड कसं दावू. शेवटाला बी त्येच."

"अयोध्या, ती चूल आमची हाय हेच मला ठावं न्हवतं. कुनी जागा घेतली वाटलं. सोवळ्याचं मनात बी न्हवतं माज्या."



"मग एवढं तवाच बोलायचं न्हाय का, आप्पा," ती म्हणाली.

इरम्मा मागून आली होती. तिनं अयोध्याला हात धरून आमच्या गाडीपाशी आणलं, आमच्या चुलीतला विस्तव काढला आणि दगड मोकळे केले.

"आमची चूल तू मांड," ती म्हणाली.

अयोध्यानं तिन्ही दगड पदरानं पुसले, मांडले आणि एकेक हलवून पाहिला. "ते असंच बघायचे," ती म्हणाली. "त्या दिशी बी. म्हनले, आप्पा दमून येतील, भांडं कलंडाय नगं."

इरम्मानं त्याच चुलीवर भाकरी केली. मी पहिला तुकडा मोडला, आणि सगळ्या तळादेखत रडलो. त्या दिवशी जी लाज मला आडवी आली होती, तिचा आता पत्ताही नव्हता.