अर्ध्यावर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला पेट्रोलचा काटा आहे. टाकीत किती पेट्रोल उरले ते सांगणे, एवढेच माझे काम. पण टाकी मला दिसत नाही. तिच्यात दांडीला जोडलेला एक पोकळ डबा तरंगतो. पेट्रोल उतरले की तोही उतरतो आणि तारेतून मला कळवतो. तो कळवील तेच मी दाखवतो.

तरुणपणी माझी तबकडी दुधासारखी पांढरी होती. मालक मला पाहिल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसत. "काटा म्हणेल ती पूर्व दिशा," असे हसून म्हणत. ते गेल्यावर गाडी त्यांच्या मुलाकडे, दादाकडे आली. एकदा गाडी मागे घेताना त्याने टाकी दगडावर आपटली. पोचा पडला. त्याने वरून रंग फासला आणि विषय संपवला.

पुढे एका दुपारी आईच्या हातातली वाटी गळून पडली. तो हात पुन्हा उचलेना. दादा कामावर होता. धाकट्या बहिणीने आईला माझ्यासमोर बसवले आणि गाडी काढली. पंपाजवळ तिने विचारले, "पेट्रोल भरून घेऊ का गं?"

आईने माझ्याकडे पाहिले. "अर्धी टाकी आहे की. चल लवकर."

ते तिचे शेवटचे धड बोलणे. भर रस्त्यात गाडी बंद पडली. टाकी ठणठणीत कोरडी, आणि मी अर्ध्यावर! दुसरे वाहन मिळून दवाखाना गाठेपर्यंत आईची वाचा गेली होती.

गाडी दोरीने ओढत घरी आणली. खड्ड्यांतल्या हिसक्यांनी मी खाली आलो. दादाने किल्ली फिरवली तेव्हा मी शून्यावर होतो.

"हा बघ काटा! आणि तू म्हणतेस अर्ध्यावर होता?"

"आईला विचार, दादा. तिनंच पाहिलं होतं."

"वा! बोलता येत नाही तीच साक्षीदार शोधलीस!"

ओसरीवर बसवलेल्या आईने हे ऐकले. धडधाकट हात उचलून ती काहीतरी सांगू पाहत होती. दादाला वाटले, तहान लागली असेल. त्याने पाणी पाजले.

बहीण घर सोडून गेली. आई वारली त्या दिवशी आली, आणि कोणाशी न बोलता परतली.

बऱ्याच वर्षांनी दादाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक चालवून बघत असताना गाडी तशीच बंद पडली. शेजारी दादाच बसला होता. मी अर्ध्यावर होतो.

मेकॅनिक आला. त्याने टाकीपाशी माझी तार सोडवून गाडीच्या पत्र्याला टेकवली. मी सावकाश भरल्या टाकीच्या खुणेपर्यंत चढलो. "काटा ठीक आहे, तारही. दोष टाकीत," तो म्हणाला. मग त्याने आत बॅटरीचा उजेड मारला. "टाकी कधीतरी आपटलीय. पत्रा आत आलाय, त्यात दांडी अडकते. हिसका बसला की सुटते."

दादाला तो दगड आठवला. गाडीत बसूनच त्याने बहिणीला फोन लावला.

"तुझं खरं होतं गं."

"मला ठाऊक होतं, दादा. आईलाही ठाऊक होतं." तिने फोन ठेवला. त्याने पुन्हा लावला, पण तिने उचलला नाही.

पत्रा सरळ झाला, गाडी विकली गेली. आता मी अगदी अचूक चालतो. नवे मालक माझे कौतुक करतात. मला ते गोड लागत नाही. मित्रांनो, खरा दोष शोधायला एक तार सोडवून टेकवावी लागली, बस्स. माणसाला खोटे ठरवण्याआधी तेवढे तरी कष्ट घ्या. उशिरा केलेल्या दुरुस्तीने यंत्र तेवढे सुधारते.